शिरूर ते नेकनूर, बीडमार्गे

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की चार-सहा दिवसांत आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर ट्रक सुरू होतात. ऊसतोडीला निघालेले ट्रक. वर ताडपत्री, पत्रे, वासे, गोधड्यांची गाठोडी, दांडीला बांधलेली घागर, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि ह्या सगळ्यावर चढून बसलेली माणसं. ऑक्टोबरचं ऊन असं असतं की वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक होतो. मी गॅलरीत कपडे काढायला जाते आणि कपडे तसेच राहतात. आमच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे. तिथे ट्रक हळू होतो, आणि तेवढ्या वेळात मी वर बसलेल्या बायकांचे चेहरे बघून घेते.

"कोण आहे का ओळखीचं?" नवरा आतून विचारतो.

"नाही," मी म्हणते. तेही खरंच आहे. जिला मी शोधते ती आता पन्नाशीच्या जवळ आली असेल, तिचे केस पिकले असतील, मला तिची नुसती आवाजावरूनच काय ती ओळख पटेल. ट्रकवरची माणसं मोठ्यानं बोलत नाहीत. निघताना सगळी गप्पच असतात.

एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली उघडले होते, ते दिवस. पानटपरीवर काळ्या सरबताच्या परदेशी बाटल्या आल्या होत्या, आणि शिकवणीच्या पाटीवर 'कॉम्प्युटर' असा शब्द रंगवला की दाराशी चपलांचा ढीग लागायचा. आता सगळं जगाशी जोडलं जाणार, असं जो तो म्हणत होता. मीही म्हणत होते. जरा जास्तच म्हणत होते, कारण जोडायचं काम माझ्याकडे होतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मुंबईहून आलेल्या माणसाकडून चार दिवसांचं शिक्षण, आणि एवढ्या शिदोरीवर मी बीडच्या एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क सांभाळत होते. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. देवघरात लिंगपूजा आटोपून ते दुकानात जाऊन बसले की पहिल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोरगी गावं जोडती." गिऱ्हाईक बिचारं तांब्या घ्यायला आलेलं असायचं.

संस्थेचा बालवाडी शिक्षिकांसाठी एक घरी बसून करायचा कोर्स होता. पुस्तकं घरी न्यायची, परीक्षेपुरतं केंद्रावर यायचं. केंद्रं तीन: शिरूर कासार, नेकनूर आणि लिंबागणेश. मध्यभागी बीड. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा म्हणजे आम्ही, आणि गावं म्हणजे आरे. प्रत्येक गावाला एक कॉम्प्युटर, त्याशेजारी हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा, आणि त्यातून टेलिफोनच्या तारेवर बीडपर्यंत आलेली वाट. ह्या व्यवस्थेला फ्रेम रिले म्हणायचे. नकाशात चारी गावं काढून मध्ये एक ढग काढायची पद्धत होती. आपली तार त्या ढगात शिरते आणि पलीकडे निघते, आत काय होतं ते आपण विचारायचं नाही. लिंबागणेशला केंद्र सांभाळणारे अप्पा, कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, त्यांना मी हा नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो नीट पाहिला.

"ढग काढलाय," ते म्हणाले. "पाऊस कवा?"

ह्याच अप्पांनी पुढच्या आठवड्यात लाइन बंद पाडली. प्रत्येक टोकाला त्या वाटेसाठी एक आकडा भरायचा असतो, आणि दोन्ही टोकांचे आकडे वेगळे असतात. अप्पांनी तिकडचा आकडा खोडून बीडचा आकडा घातला. का, तर दोघांचा आकडा एक नसेल तर दोघं एकमेकांना ओळखणार कसे? मी फोनवर पाऊण तास डोकं फोडलं. शेवटी म्हटलं, "अप्पा, तुम्ही मला पोरी म्हणता, मी तुम्हाला अप्पा म्हणते. नातं एकच, पण हाक वेगळी ना?" मग, "मंग आसं सांगायचं की आदी!" पाच मिनिटांत हिरवा दिवा. मी त्या दिवशी घरी जाऊन हा किस्सा तीनदा सांगितला. मला वाटलं, आता मला सगळं समजलं.

ह्या समजण्यातूनच पुढचं सगळं झालं.

चंद्रकलाला मी एकदाच डोळ्यांनी पाहिलं. भाद्रपदात, शिरूरचं केंद्र सुरू करताना. एसटी स्टँडमागची खोली, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. मी टेबलाखाली घुसून तारा लावत होते आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बावीस-तेवीसची असेल. हातात कोर्सचं पुस्तक, त्याला मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. वस्तीवरच्या बालवाडीत ती मदतनीस होती. परीक्षा पास झाली तर बाई होणार होती. मदतनीस खिचडी वाढते आणि बाई गाणी शिकवते, एवढा तिच्या लेखी फरक. तेवढ्यासाठी ती दोन वर्षं चुलीपुढे पुस्तक धरून बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "ह्ये नेकनूरला बी बोलतं का?"

मी टेबलाखालूनच म्हटलं, "बोलतं की. सगळ्या गावांशी बोलतं."

"मंजी हितं नाव दिलं तर तिकडं जाईल?"

"एका मिनिटात."

मग तिनं सांगितलं. दसऱ्यानंतर तिची अख्खी वस्ती तोडीला जायची. घराला कुलूप. एकट्या बाईनं मागं राहायचं कुठे? नेकनूरला माहेर. बाप मेंढरं राखायचा, आई नव्हती, पण घर होतं. परीक्षेपुरती माहेरी राहिली असती. पण सकाळी आठच्या पेपराला नेकनूरहून शिरूरला पोचणारी एसटी नव्हती. बीडला उतरून गाडी बदलायची आणि तोवर पेपर अर्धा झालेला. म्हणून तिला परीक्षेचं केंद्रच नेकनूर करून हवं होतं. आणि तिला नुसतं केंद्र नको होतं, कागद हवा होता.

कागदाचं कारण कोयता. तोडीच्या कामात माणसं धरत नाहीत, कोयते धरतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून ट्रकमध्ये चढवते. जोडीतलं एक मागं राहिलं तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घेत नाही. चंद्रकलाच्या जागी तिचा दीर जायला तयार झाला होता. नवराही वाईट नव्हता. फक्त मुकादमाचं म्हणणं होतं, "दर साली कुणी ना कुणी काईतरी सांगतं. कागद दावा, नाव बदलतो." नेकनूर केंद्र, बैठक क्रमांक अमुक, असं छापलेली चिठ्ठी. एवढीच.

"भेटल ना ताई, कागद?"

"अगं, भेटल म्हणजे काय," मी तिच्याच बोलीत म्हटलं. आणि टेबलाखालून बाहेर येऊन हात झटकले. तिनं हिरव्या दिव्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

माझी मुलगी आता पुण्यात असते. रविवारी मोबाइलवर तिचा चेहरा येतो. "दिसतंय ना आई? येतोय ना आवाज?" ती विचारते. मी तिला म्हणते, "मला तू दिसतेस. तुला मी दिसते का ते सांग." ती हसते. म्हणते, आई, एकीकडून दिसतंय म्हणजे दुसरीकडूनही दिसतंच. मी म्हणते, तरी सांग. तिला ही माझ्या वयाची खोड वाटते.

तर दसरा झाला. केंद्र बदलाचा पहिलाच अर्ज चंद्रकलाचा. नियम असा होता की शिरूरच्या मशीननं नाव नेकनूरच्या मशीनला पाठवायचं, नेकनूरच्या मशीननं बैठक क्रमांक द्यायचा, आणि तो आला की शिरूरला चिठ्ठी छापली जायची. बीडनं मध्ये हात घालायचा नाही, बीड फक्त रस्ता. सोमवारी शिरूरच्या केंद्रावरच्या अंकुशचा फोन आला.

"मॅडम, नेकनूर लागंना."

मी बीडहून शिरूरला हाक देऊन पाहिली. मशीनला हाक द्यायची एक आज्ञा असते, पलीकडून उत्तर आलं की वाट चालू. शिरूरनं उत्तर दिलं. नेकनूरला हाक दिली. नेकनूरनंही दिलं. लिंबागणेशला काही गरज नव्हती तरी दिली. सगळीकडून ओ. मी अंकुशला म्हटलं, "लाइन ठणठणीत आहे. तू मशीन बंद करून परत चालू कर."

त्यानं केलं. नाही लागलं. म्हणजे नेकनूरचं मशीन अडकलं असणार. नेकनूरला शमीम होती, माझ्याहून वर्षभरानं लहान, कामाला पक्की. तिनंही बंद करून चालू केलं. नाही. मंगळवार असाच गेला. बुधवारी मी ठरवलं की नेकनूरची तार खराब आहे. नवी तार वर्तमानपत्रात गुंडाळून नेकनूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. शमीमनं ती स्टँडवर जाऊन उतरवून घेतली, लावली. हिरवा दिवा आधी होता, तसाच आताही लागला.

बुधवारी दुपारी अंकुशचा परत फोन. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की समोर कोणीतरी बसलं आहे.

"मॅडम, ती बाई तीन दिवस झाले येऊन बसायली. उद्या गाडी हाय तिची. मी काय म्हणतो, शमीमताईकडनं फोनवर नंबर घेतो आन हातानं लिहून शिक्का मारून देतो. मागून मशीनवर टाकू."

किती साधं होतं. तीन मिनिटांचं काम. मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"अंकुश, एकदा हातानं लिहायला लागलो की मशीन कशाला बसवलंय? लाइन चालू आहे. मला इथून दिसतंय ना. उद्या सकाळपर्यंत होतंय, सांग तिला."

मागून तिचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट. "ताईच हायत का? त्या म्हणल्यात मंग व्हतंय." तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, आणि मी हिरव्या दिव्यावर.

गुरुवारी सकाळी दहाला फोन वाजला.

"मॅडम, गेली ती."

अंकुश सांगत राहिला. मुकादमानं वस्तीवर एकेका कोयत्याची नावं पुकारली. हिचं नाव नवऱ्याबरोबर पुकारलं, जोडीनं. ती चढली. गाडी शिरूरच्या स्टँडसमोर डिझेलसाठी थांबली तेव्हा ती उतरून पळत केंद्रावर आली. "म्हणली, आलं का वो? मी म्हणलं, न्हाई. मंग पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हणली, तिकडं फडात ह्येचं काय व्हायचं, तुमीच ठेवा. आन गेली."

नंतर त्यानं विचारलं, "मॅडम, कावून लागंना वो नेकनूर?" त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शनिवारी मी स्वतः नेकनूरला गेले, बदलायला एक जादा डबा मांडीवर घेऊन, एसटीच्या मागच्या सीटवर. शमीमनं चहा सांगितला. मी तिच्या मशीनसमोर बसले आणि सहा दिवसांत पहिल्यांदा नेकनूरहून शिरूरला हाक दिली. स्वतःच्या हातानं, त्या टोकावर बसून. उत्तर नाही. नेकनूरच्या डब्याला विचारलं, तुला कोणकोणते रस्ते माहीत आहेत? पडद्यावर एकच नाव आलं. बीड. शिरूर नव्हतं, लिंबागणेश नव्हतं. नेकनूरच्या मते जगात बीड सोडून गावच नव्हतं.

आणि मग मला कळलं. चहा गार होत होता.

आमच्या घरी तीन काकू आणि आई. एका चुलीचं घर. आजोबांच्या वेळेपासून बायकांचा एक नियम होता: जिच्या तोंडून गोष्ट कळली, तिच्याकडे तीच गोष्ट परत घेऊन जायचं नाही. नाहीतर तिला वाटतं ही नवीन बातमी आहे, ती पुन्हा पुढे सांगते, आणि एकाच्या चार गोष्टी होऊन घरभर फिरतात. नियम शहाणपणाचा होता. ह्या डब्यांमध्येही तोच नियम घातलेला असतो. ज्या दारातून बातमी आत आली, त्या दारातून ती परत बाहेर सांगायची नाही. प्रत्येक गावाला स्वतंत्र दार असेल तर काही बिघडत नाही. पण बीडच्या डब्याला दार एकच होतं. शिरूर, नेकनूर, लिंबागणेश, तिघंही त्याच एका दाराशी उभी. शिरूरनं त्या दारातून बीडला सांगितलं, मी इथे आहे. बीडनं ते ऐकून ठेवलं. नेकनूरला सांगायचं तर त्याच दारातून सांगावं लागणार, आणि नियमाप्रमाणे बीड गप्प. बीडला सगळी गावं ठाऊक, आणि गावांना एकमेकांचा पत्ता नाही.

तार चांगली होती. मशीनं चांगली होती. शमीम आणि अंकुश, दोघांनी सांगितलं ते सगळं बरोबर केलं होतं. चूक मी बसले होते तिथे होती, आणि मी तिथे बसून सहा दिवस बाकीच्यांना तपासत होते. अंकुश सोमवारीच म्हणाला होता, नेकनूर लागंना. त्याच्या टोकावरून त्याला जे दिसत होतं ते त्यानं सरळ सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नाही, कारण मला माझ्या टोकावरून छान दिसत होतं.

बीडला परत आले ती संध्याकाळच्या गाडीनं. वाटेत समोरून दोन ट्रक गेले, पत्रे आणि गाठोडी घेऊन. मी खिडकीतून मान आत घेतली. ऑफिसात जाऊन एका दाराची तीन दारं करून दिली, प्रत्येक गावाला एक. कागदावर तीन दारं, तार तीच. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांनी शिरूरनं नेकनूरला हाक दिली आणि नेकनूरनं ओ दिली. इतकी वर्षं झाली, ती वीस मिनिटं मला काही पचलेली नाहीत.

सोमवारी सकाळी शमीमचा फोन. तिचा आनंद तारेतून उड्या मारत होता. "मॅडम, आली! शिरूरची पोरगी आली! चंद्रकला. बैठक क्रमांक एक!"

शिरूरच्या मशीनमध्ये आठवडाभर अडकून राहिलेलं नाव वाट मोकळी होताच आपणहून नेकनूरला पोचलं होतं. माझ्यासमोर संस्थेचे सर उभे होते, दोन पाहुण्यांना घेऊन. त्यांना गावं बोलताना दाखवायची होती. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. मी शमीमला सांगायला हवं होतं, की बाई, ते नाव आलं पण माणूस गेलं. गुरुवारीच गेलं. दोन वाक्यं. मी म्हटलं, "बरं झालं," आणि फोन ठेवला. सरांनी पेढा दिला. मी खाल्ला. त्या क्षणी मला चंद्रकला मध्ये नको होती. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

सगळी हळहळ मी स्वतःशी केली. रात्री जेवण गेलं नाही, आईनं कपाळाला हात लावून पाहिला. पण हळहळ करत बसले, आणि सांगायचं ते सांगितलं नाही. दिवस जात राहिले. शेतात कापूस फुटला, थंडी पडायला लागली, वडील दुकानात मफलर बांधून बसू लागले. मला वाटायचं, आता कळलंच असेल शमीमला. अंकुश बोलला असेल. पण अंकुशला वाटत होतं मी सांगितलं असेल. सगळ्यांचं बोलणं तर माझ्याशीच व्हायचं.

परीक्षेच्या दिवशी मी नेकनूरला होते. हजेरी मशीनवरून बीडला जायची होती, म्हणून. केंद्राच्या खोलीत अकरा बायका पेपर लिहीत होत्या. पहिलं बाक रिकामं. शमीमनं त्यावर नियमाप्रमाणे उत्तरपत्रिका ठेवली होती आणि वर खडूचा तुकडा, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

ओट्यावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, बाजूला काठी. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

"ह्यांचीच लेक ती," शमीम मला हळूच म्हणाली. "चंद्रकला. मी बाजारच्या दिवशी सांगितलंतं चाचांना, नाव आलंय म्हणून. तवापासून रोज इचारून जातेत. काल दिवसभर स्टँडवर बसले होते. आज बी पहाटेपासून बीडची एकूणएक गाडी बघितली. मॅडम, पोरगी आली कशी न्हाई अजून?"

मला पळून जावंसं वाटलं. खरंच. गाडी कधी आहे हेही मी मनात बघितलं. मग ओट्यावर जाऊन त्यांच्या समोर उकिडवी बसले.

"बाबा, ती तोडीला गेली."

"कवा?" त्यांना वाटलं काल-परवा काही झालं.

"दसरा झाल्यावर. पंधरा-वीस दिवस झाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे उन्हानं बारीक झालेले, मेंढरांमागं हिंडणाऱ्याचे. "पंधरा-ईस दिस? मंग ह्या लेकरानं कावून सांगितलं नाव आलंय म्हणून?" ते शमीमकडे वळले. चिडून नाही. त्यांना खरोखर समजत नव्हतं.

शमीम माझ्याकडे बघत होती. "मॅडम, तुम्हाला म्हाईत होतं?"

"होतं."

ती वळली. आत गेली. बायकांना पुरवणी देऊ लागली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही रोज फोनवर बोललो, पण कामापुरतं.

म्हाताऱ्यानं मांडीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाला, "मला वाटलं, आली आसल तर भुकेजल. मेंढरं भावावर सोडून आलतो. एक कोपरा सारवून ठेवलता, तिला लिवायला बसाया." हे मला सांगितलं असं नाही, नुसतं म्हणाला. मग फडकं माझ्यापुढं सरकवलं. "तुमी खा ताई. मी आता माघारी कुटं नेऊ."

मी नको म्हणू शकले नाही. बाजरीची भाकरी, त्यावर लसणाची चटणी, आणि एका कोपऱ्यात गुळाचा खडा, पोरीसाठी. ते उठले, काठी घेतली, दोन पावलं गेले आणि थांबले. आतल्या मशीनकडे काठीनं दाखवलं.

"ह्याच्यावर बोलणं होतं ना शिरूरला?"

"होतं, बाबा. आता होतं."

"मंग कवा झालंच बोलणं, तर तिला सांगा. बाप येऊन गेलता म्हणून."

लाइन नंतर कधी बिघडली नाही. तशी चालली, की मुंबईहून माणसं बघायला आली. मग ते डबे, तो ढग, सगळंच जुनं झालं आणि मोडीत निघालं. अंकुशशी माझं रोज बोलणं व्हायचं. वैशाखात तोडीची माणसं परत आली, वस्तीची कुलपं निघाली. मला फक्त फोनवर म्हणायचं होतं, अंकुश, चंद्रकलाला एवढं सांग. रोज म्हणायचे, आज सांगते. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या यादीत मी तिचं नाव शोधलं. शिरूरमध्ये नव्हतं, नेकनूरमध्ये नव्हतं. तिचं पुस्तक, कॅलेंडरच्या कव्हरचं, अंकुशनं नोकरी सोडताना बीडला पाठवून दिलं. इतर सामानात होतं. आत पेन्सिलनं गाण्यांच्या ओळींवर खुणा केल्या होत्या, कुठं टाळी वाजवायची त्याच्या.

आता कोपऱ्यावर आणखी एक ट्रक हळू झाला आहे. वर एक बाई पाठमोरी बसलीय, पदर कानांवरून घट्ट ओढलेला. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी आहे. म्हातारा केव्हाच गेला असेल. त्याचा निरोप अजून माझ्यापाशी आहे. बाप येऊन गेलता. तीन शब्द. ट्रक गतिरोधक ओलांडतो आणि बार्शीच्या दिशेनं निघून जातो.